इटलीतल्या मराठा पलटणींच्या रणभूमीवर विद्यार्थ्यांची सहल: तयारीपासून परतीपर्यंत

दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठी सैनिकांच्या स्मारकांना विद्यार्थ्यांचा गट न्यायचा असेल, तर कामाचा क्रम सांभाळा: नावं आधी, मार्ग नंतर, तिकिटं शेवटी. फसलेल्या सहलींत हा क्रम नेमका उलटा झालेला असतो. विमानाची तिकिटं आधी घेतली जातात, मग स्वस्त हॉटेलं शोधली जातात, आणि सैनिकांची नावं शोधायला कोणीतरी शेवटच्या आठवड्यात बसतं. मग तीस मुलं पांढऱ्या शिळांच्या रांगांमधून फिरतात, फोटो काढतात आणि बसमध्ये येऊन बसतात. आपल्या माणसांची नावं तिथून पन्नास पावलांवरच्या दुसऱ्या भिंतीवर होती, हे त्यांना कळतच नाही.

खालचा क्रम महाराष्ट्रातल्या महाविद्यालयाचा पंचवीस-तीस मुलांचा गट धरून लिहिला आहे. निघण्याआधी निदान दहा महिने हातात हवेत.

## टप्पा १: नावांची यादी (निघण्याआधी १० ते ८ महिने)

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही युद्धात मेलेल्या राष्ट्रकुल सैनिकांची थडगी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था. तिच्या संकेतस्थळावर युद्धात मेलेल्यांची नावं शोधायची सोय आहे आणि ती मोफत आहे. शोधताना देश इटली, सैन्य भारतीय आणि युद्ध दुसरं, असे तीन पर्याय निवडा. मिळालेली यादी संगणकावर उतरवून घेता येते. अडचणी त्यानंतर सुरू होतात.

पलटणीच्या नावाची वर्तणी. इंग्रजी नोंदीत ‘मराठा’ हा शब्द जुन्या वर्तणीने आहे: एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए. आजच्या वर्तणीने शोधलंत तर हाती जवळजवळ काही लागणार नाही, आणि ‘इथे आपलं कोणी नाहीच’ असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

आकड्यांचा अर्थ. १/५ आणि ३/५ हे अपूर्णांक नाहीत. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटची पहिली बटालियन आणि तिसरी बटालियन, असा त्यांचा अर्थ. इटलीत १/५ ही आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती आणि ३/५ ही दहाव्या. ४/५ ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढत होती. तिच्या माणसाचं नाव इटलीच्या यादीत शोधत बसू नका.

माणसांच्या नावांची वर्तणी. कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं. मोरे, शिंदे, घाडगे ही आडनावं तीन-तीन तऱ्हांनी सापडतात, आणि काही नोंदींत आडनाव नसतंच, फक्त पाळण्यातलं नाव आणि वडिलांचं नाव असतं. म्हणून आडनावावर भिस्त ठेवू नका. नोंदीच्या शेवटी कधीकधी वडिलांचं किंवा पत्नीचं नाव, गाव आणि जिल्हा असतो. तो जिल्हा त्या काळचा असतो. आजचा रायगड तिथे कुलाबा आहे आणि सिंधुदुर्गातली बरीच गावं रत्नागिरीत आहेत.

फक्त मराठा पलटणच पाहणं. सॅपर्स (पूल-रस्ते बांधणारे सैनिक), सर्व्हिस कोअर (रसद पुरवणारे), मेडिकल कोअर यांच्या याद्याही चाळा. ही यादी एका माणसाकडून होत नाही. चार-पाच मुलांना वाटून द्या आणि एकाने केलेलं दुसऱ्याने तपासावं.

> सावधान: कोकणात आणि साताऱ्याकडे अनेक गावांत ‘या गावातून इतकी माणसं महायुद्धावर गेली’ असे संगमरवरी फलक आहेत. त्यावर १९१४–१९१९ असेल तर ते पहिलं महायुद्ध. त्या माणसांचा इटलीच्या मोहिमेशी संबंध नाही. गावातून माहिती गोळा करणारी मुलं इथे हमखास गोंधळतात.

यादी झाली की प्रत्येक विद्यार्थ्याला एक नाव द्या. त्याने त्या सैनिकाचा एका पानाचा कागद तयार करायचा: सैन्यक्रमांक, हुद्दा, बटालियन, मृत्यूची तारीख, गाव, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे स्मारकाचं नाव व फलकाचा किंवा ओळीचा क्रमांक. हा शेवटचा तपशील नसेल तर कागद अपुरा समजा. शक्य असेल तिथे मुलाने त्या गावच्या ग्रामपंचायतीला आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र लिहावं. उत्तर यायला महिने लागतात, म्हणून हे काम सर्वांत आधी.

तपासणी: प्रत्येक मुलाकडे नाव आणि फलक क्रमांक आहे का? नसेल तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नका.

## टप्पा २: थडगं, दहनस्मारक आणि प्रत्यक्ष रणभूमी यांतला फरक समजून घ्या

हा टप्पा बैठकीत दहा मिनिटांत उरकला जातो. त्याला पूर्ण एक दुपार द्या.

हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन झालं, त्यामुळे त्यांतल्या बहुतेकांची थडगी नाहीत. त्यांची नावं दहनस्मारकांवर कोरली आहेत. सांग्रो नदीजवळच्या युद्धदफनभूमीत २,६१७ थडगी आहेत, आणि त्याच आवारात ५१७ भारतीय सैनिकांची नावं असलेलं वेगळं दहनस्मारक आहे. मराठी नावं मुख्यतः तिथे शोधायची. ज्यांचा अंत्यविधी कुठे झाला हेच माहीत नाही, अशांची नावं कॅसिनो स्मारकावर येतात. ते कॅसिनोच्या युद्धदफनभूमीतच उभं आहे आणि त्यावर चार हजारांहून अधिक नावं आहेत.

यशवंत घाडगे यांचं उदाहरण मुलांना नकाशावर दाखवा. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे हे नाईक ३/५ मराठा पलटणीत होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडले. घाडगे एकटे पुढे धावले. हातगोळा टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, एका शत्रूला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते गेले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे तेव्हाचं सर्वोच्च ब्रिटिश शौर्यपदक मिळालं.

त्यांचं नाव कोरलेलं आहे दक्षिणेत, कॅसिनो स्मारकावर. ते पडले ती जागा उत्तरेला उम्ब्रिया प्रांतात, मोंतोने गावाच्या परिसरात. त्याच गावात २०२३ साली त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. एकाच माणसासाठी दोन ठिकाणं, मधे बसचा अख्खा दिवस. नावं आधी का शोधायची याचं याहून स्पष्ट उत्तर माझ्याकडे नाही.

दुसरं नाव नामदेव जाधव यांचं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमजचे, १/५ मराठाचे शिपाई. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या पूर्वेकडच्या पूरबांधावर त्यांनी दोन जखमींना एकेक करून नदी आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं, मग परत जाऊन मशीनगनचे मोर्चे बंद पाडले, आणि बांधावर उभं राहून गर्जना करत उरलेल्या कंपनीला पुढे बोलावलं. ते जिवंत परतले, म्हणून त्यांचं नाव कुठल्याच मृतांच्या यादीत नाही. फक्त यादीवरून मार्ग आखलात तर सेनिओ सुटून जाईल. ते हाताने जोडा.

## टप्पा ३: मार्ग

नावं आणि ठिकाणं जुळली की मार्ग आपोआप वर्तुळासारखा होतो. रोममध्ये उतरा, एक रात्र विश्रांती घ्या. पुढे:

1. कॅसिनो, दोन रात्री. रोमपासून १३९ किलोमीटर. युद्धदफनभूमी रेल्वे स्टेशनपासून साधारण किलोमीटरभर आहे. दुसऱ्या दिवशी डोंगरावरचा मठ आणि त्याजवळची पोलिश दफनभूमी. १५ फेब्रुवारी १९४४ ला मठावर बॉम्बहल्ला झाला आणि १८ मे रोजी तो पोलिश सैन्याच्या हाती आला. मधल्या काळात चौथ्या भारतीय डिव्हिजनने याच उतारांवर रक्त सांडलं. मुलांना खालून वर पाहायला लावा, मग वरून खाली. या दोन दृश्यांतून जे कळतं ते वर्गात तासभर शिकवून कळत नाही.
2. सांग्रो, दोन रात्री. अपेनाईन डोंगर ओलांडून एड्रियाटिक किनारा. वळणावळणाचा रस्ता आहे, बसने तीन तास धरा. तोरिनो दी सांग्रोजवळची दफनभूमी नदीखोऱ्यावरच्या उतारावर आहे. तिथे सार्वजनिक वाहनाच्या भरवशावर जाऊ नका. नोव्हेंबर १९४३ मध्ये आठव्या भारतीय डिव्हिजनने ज्या मोझ्झाग्रोन्यासाठी झुंज दिली ते गाव जवळच आहे.
3. फोर्ली आणि सेनिओ, दोन रात्री. किनाऱ्याने उत्तरेकडे सुमारे साडेतीनशे किलोमीटर. हा पूर्ण प्रवासाचा दिवस समजा, त्यात दुसरं काही कोंबू नका. अल्फोन्सिने गावात सेनिओच्या लढाईचं संग्रहालय आहे. वेळ आधी पत्र लिहून ठरवा.
4. मोंतोने, एक रात्र जवळपास. चेझेनाहून दक्षिणेला जाणाऱ्या ई-४५ रस्त्याने. मग रोम.

> सावधान: फोर्लीत दोन युद्धदफनभूमी आहेत. नकाशात नुसतं ‘फोर्ली’ टाकलंत तर चालक दुसऱ्याच दफनभूमीच्या दारात नेईल. तुम्हाला हवी ती ‘इंडियन आर्मी वॉर सिमेट्री’. कॅसिनोच्या परिसरातही कॉमनवेल्थ, पोलिश आणि जर्मन अशा वेगवेगळ्या दफनभूमी आहेत. चालकाला नाव सांगण्यापेक्षा अक्षांश-रेखांश लिहून द्या.

युरोपातल्या बसचालकांसाठी गाडी चालवण्याच्या वेळेचे कडक नियम आहेत. साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची, आणि दिवसाला साधारण नऊ तासांची मर्यादा. ‘अजून एक ठिकाण करून जाऊ’ ही आपली सवय तिथे चालत नाही. चालक नकार देईल, आणि तो बरोबर असेल. शिवाय जुन्या शहरांच्या गाभ्यात परवान्याशिवाय वाहन नेलं तर दंड होतो. बस कुठे थांबणार आणि तिथून किती चालायचं, हे प्रत्येक ठिकाणासाठी आधी लिहून घ्या. मोंतोने टेकडीवर आहे, चढ चालावा लागेल. आणि सूर्यघड्याळ पाहायचं असेल तर ऊन असताना पोचा.

## टप्पा ४: तारीख

जुलै-ऑगस्ट टाळा. दफनभूमीत सावली कमी असते आणि तासभर उभं राहायचं असतं. १५ ऑगस्टच्या आसपास तिथली अर्धी दुकानं आणि कार्यालयं बंद असतात. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरमध्ये येत असेल तर उत्तम. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि संध्याकाळ एकदम लवकर होते. त्यानंतर जात असाल तर दुपारी चारनंतरचा कार्यक्रम मैदानात ठेवू नका. परीक्षांनंतर एप्रिलअखेर जाणार असाल तर २५ एप्रिल हा इटलीचा मुक्तिदिन आहे हे ध्यानात घ्या. त्या दिवशी गावोगावी कार्यक्रम असतात, पण संग्रहालयांच्या वेळा बदलतात.

## टप्पा ५: पासपोर्ट, परवानग्या, व्हिसा (८ ते २ महिने)

शाळेचा गट असेल तर संस्थेचा ठराव आणि शिक्षण विभागाची परवानगी आधी. महाविद्यालयाने प्रत्येक मुलाला बोनाफाईड आणि सहलीच्या उद्देशाचं पत्र द्यावं.

पासपोर्ट सगळ्यांचे एकाच दिवशी टेबलावर ठेवून तपासा. परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने मुदत, गेल्या दहा वर्षांत काढलेला, दोन कोरी पानं. मग नावं पाहा. आपल्याकडे कोणाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आहे, कोणाच्या नाही, कोणाचा आडनावाचा रकानाच रिकामा आहे. तिकीट, विमा आणि व्हिसा अर्ज या तिन्हींवर पासपोर्टवरचंच नाव हवं, महाविद्यालयाच्या हजेरीतलं नव्हे.

इटलीतच सगळ्या रात्री असल्याने अर्ज इटलीकडे करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि पंधरा दिवस ही शेवटची मर्यादा आहे. निर्णयाला साधारण १५ दिवस, कधी ४५ दिवसही लागतात. गटाच्या भेटीच्या वेळा एकत्र मिळणं हेच अवघड असतं, म्हणून तीन महिने आधी कागद तयार हवेत. विमा किमान ३०,००० युरोंचा आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च धरणारा. अठरा वर्षांखालील मुलांसाठी दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतिपत्र. शैक्षणिक प्रवासाला निघालेले विद्यार्थी आणि सोबतचे शिक्षक यांना शुल्कमाफीची तरतूद शेंगेन (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या) नियमांत आहे. तुमची सहल त्यात बसते का, हे अर्जाआधी लेखी विचारा.

> सावधान: व्हिसा मिळण्याआधी परतावा न मिळणारी तिकिटं घेऊ नका. एका मुलाचा अर्ज नाकारला गेला तरी गट जाईल, पण त्या घराचे पैसे बुडतील. आरक्षण दाखवणं पुरेसं असतं.

पैशांबाबत एकच गोष्ट. परदेशी सहलीच्या रकमेवर टीसीएस (पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापला जातो. पालकांना सांगितलेल्या आकड्यात तो धरला आहे का, आणि तो कोणाच्या पॅनवर जमा होणार, हे पहिल्याच पालकसभेत सांगा. विवरणपत्र भरताना त्याचं श्रेय मिळतं, पण पावती कुठे आहे हे माहीत असेल तरच.

दहा मुलांमागे एक शिक्षक, आणि शिवाय एक मोठं माणूस ज्याच्याकडे कुठलाच गट नाही. कोणी आजारी पडलं तर हॉस्पिटलात थांबणारं हेच माणूस. मुली असतील तर शिक्षिका हवीच. तातडीचा क्रमांक ११२, सगळ्यांच्या फोनमध्ये.

## टप्पा ६: सामान आणि नेऊ नयेत अशा वस्तू

गावची माती नेऊन स्मारकापाशी ठेवायची, ही कल्पना जवळजवळ प्रत्येक गटात निघते. भावना खरी आहे, पण भारतातून युरोपीय संघात माती नेण्यास बंदी आहे. झेंडूची ताजी फुलंही कागदपत्रांशिवाय नेता येत नाहीत. फुलं तिथेच विकत घ्या. दुधाचे आणि मांसाचे पदार्थही बंद, म्हणजे तूप, पेढे, खव्याची मिठाई घरीच. चिवडा, लाडू नेताना ते तुपातले आहेत का हे आईला विचारा.

गावाकडून काही न्यायचंच असेल तर पत्र न्या. सरपंचांनी किंवा घरच्यांनी लिहिलेलं, मराठीत. ते स्मारकासमोर वाचता येतं.

शाकाहारी मुलांसाठी हॉटेलला आधी लेखी कळवा आणि ‘मांस नको’ एवढ्यावर थांबू नका. सूपमध्ये मांसाचं पाणी असतं आणि पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने बनतं. दुपारचं जेवण अडीचनंतर मिळणं कठीण, हे वेळापत्रकात धरा.

मठात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. चालायचे बूट, पाण्याची बाटली, आणि औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी.

तपासणी, निघण्याच्या आदल्या आठवड्यात: प्रत्येक मुलाचा सैनिकाचा कागद छापील स्वरूपात, दोन प्रती. फोनवर विसंबू नका.

## टप्पा ७: दफनभूमीत

दारापाशी थांबा. दोन शिक्षक आत जाऊन फलक शोधून येतील, तोवर बाकीचे बाहेर. दगडात बसवलेल्या छोट्या कपाटात नोंदवही आणि अभिप्रायवही असते, तिथे सैनिकांच्या नावांसमोर स्मारकावरची जागाही दिलेली असते. तुमचे क्रमांक तिच्याशी पडताळा.

वाचनाचा हिशोब आधी करा. तीस मुलं, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे एक तास. एवढा वेळ मुलं उभी राहू शकत नाहीत आणि शेवटच्या दहा नावांना कोणाचं लक्ष उरत नाही. त्या नावांवर हा अन्याय आहे. म्हणून नावं वाटतानाच ती कॅसिनो, सांग्रो आणि फोर्ली अशी विभागून घ्या. एका जागी दहा-बारा नावांच्या वर जाऊ नका.

- दगडावर हळद-कुंकू, गुलाल, तेल लावू नका. हा दगड डाग शोषतो. दिवा-उदबत्तीही पेटवू नका. हार आणि फुलं पायथ्याशी ठेवा.
- अक्षरं पुसट असतील तर खडूने घासू नका. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात फोटो काढा, अक्षरं वर येतात.
- ‘शिवाजी महाराज की जय’ची घोषणा दफनभूमीत नको. शेजारी कोणाचं तरी कुटुंब आलेलं असतं. सेनिओच्या बांधावर द्या, ती तिथली आहे.
- मुस्लिम सैनिकांची थडगी त्याच आवारात असतात आणि तीही आपलीच माणसं. गटातल्या प्रत्येकाने निदान एका अशा शिळेपाशी थांबून नाव वाचावं, हे कार्यक्रमात लिहूनच ठेवा.
- पोलिश आणि जर्मन दफनभूमीत मुलांना हसत फोटो काढू देऊ नका, आणि का ते आदल्या रात्री सांगा, तिथे नव्हे.

> सावधान: शेतात, नदीकाठी गंजलेला लोखंडी तुकडा दिसला तर हात लावायचा नाही. इटलीत आजही न फुटलेला दारूगोळा सापडतो. शिक्षकांना सांगा, तिथून दूर व्हा, ११२ ला फोन करा. ‘आठवण’ म्हणून तुकडा बॅगेत टाकला तर विमानतळावर सगळा गट अडकेल.

रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं बसा. ज्या मुलाने त्या दिवशी नाव वाचलं त्याला बोलायचं असतं. काही मुलं रडतात. त्यांना लगेच हसवायचा प्रयत्न करू नका.

## टप्पा ८: परतल्यावर

पहिल्या पंधरा दिवसांत प्रत्येक मुलाने तीन गोष्टी त्या सैनिकाच्या गावी पाठवायच्या: नावाचा जवळून फोटो, पूर्ण स्मारकाचा फोटो, आणि कुठे, कोणत्या फलकावर नाव आहे ते मराठीत लिहिलेलं पान. फोन बदलतात, म्हणून कागदावर छापून, रजिस्टर टपालाने, ग्रामपंचायतीच्या नावे. फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याआधी हे करा. घरच्यांना तो आधी मिळायला हवा.

गावाकडून कळलं की नाव, वडिलांचं नाव किंवा गाव चुकीचं कोरलं वा नोंदलं आहे, तर कमिशनकडे दुरुस्तीसाठी लिहिता येतं. नुसतं ‘आम्हाला माहीत आहे’ चालत नाही. सैन्यक्रमांक असलेला पेन्शनचा कागद, पदकामागचं कोरीव नाव, डिस्चार्ज किंवा मृत्यूची सूचना देणारं त्या काळचं पत्र, यांपैकी जे असेल त्याची स्वच्छ प्रत जोडा. मूळ कागद कोणाकडेही पाठवू नका.